प्रार्थनेतली गाळलेली ओळ

आमच्या इमारतीच्या जिन्यात पिकत्या आंब्याचा वास यायला लागला की मला भूक लागत नाही, उपास आठवतो. परवा खालच्या मजल्यावर मोसमातली पहिली पेटी आली. फेब्रुवारी अजून सरलेला नाही, पण ज्यांना परवडतं त्यांना दम कुठे असतो. मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं आणि बादली हातात तशीच धरून दोन मिनिटं उभी राहिले. समोरच्या काकूंनी विचारलंसुद्धा, "बाई, बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, बरं वाटतंय, म्हणूनच उभी आहे. त्यांना काही कळलं नसावं. त्याच दुपारी आमच्या मंडळीच्या ग्रुपवर नव्या पाळकसाहेबांनी उपासकाळाची यादी टाकली. ती वाचली आणि सात वर्षांपूर्वीचा तो आंब्याचा हंगाम सगळाच्या सगळा समोर येऊन बसला.

आम्ही ख्रिस्ती. रत्नागिरीतली आमची मंडळी म्हणजे जेमतेम वीस-बावीस घरं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही उपासकाळ पाळतो आणि त्या दिवसांत संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी प्रार्थनासभा होते. कोणाची पाळी कधी, याची यादी पाळकसाहेब करतात. ज्याचं घर, त्यानेच त्या दिवशी प्रार्थना चालवायची. खायला काही थाटाचं करायचं नाही. काळा चहा आणि चुरमुरे, बस. तरी वीस घरांचे काळे चहा वीस तऱ्हेचे असतात आणि कोणाचा चांगला होता यावर पुढे आठवडाभर चर्चा चालते, ती वेगळी.

आता रत्नागिरीत राहून आंब्याच्या दिवसांत उपास करायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमच्या आईचा नियम होता: ईस्टरच्या सकाळी उपासना होईपर्यंत घरात पिकला आंबा कापायचा नाही. मटण-मासळी सोडणं तिच्या लेखी काहीच नव्हतं. "ते काय, कोणीपण सोडेल," म्हणायची. रत्नागिरीजवळ पावस गावच्या रस्त्याला आमचं घर आणि घरामागे हापूसची अकरा कलमं. मागच्या पडवीत पेंढ्यात आंबे पिकत घालून आढी लावलेली. तो वास उशीत शिरायचा, शाळेच्या दप्तरात शिरायचा, आणि आम्ही दोघं भावंडं ताटातल्या पेजेकडे बघत बसायचो. ईस्टर मार्चमध्ये आला तर सुटलो, कारण तोवर आंबा धड तयारच नसे. एप्रिलच्या शेवटाला आला की आमचे हाल कुत्रा खात नसे. देवाने ईस्टरची तारीख चंद्रावर ठेवली, आंब्यावर का नाही ठेवली, असं मी एकदा आईला विचारलं होतं. तिने मला भांडी घासायला लावली.

अशाच एका उशिरा आलेल्या ईस्टरच्या आधी दादाने झाडावरचा एक आंबा चोरला. तो बारा वर्षांचा, मी आठची. विहिरीमागे बसून आम्ही तो सालीसकट खाल्ला. देठाशी चीक असतो हे विसरलो. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही ओठांच्या कडा भाजल्यासारख्या काळ्या पडल्या. आईने नुसतं बघितलं. दादा म्हणाला, "मीच तिला दिला. तिला माहीत नव्हतं." तिला चांगलंच माहीत होतं. पण ईस्टरच्या दिवशी दादाच्या ताटात आंबा आला नाही आणि माझ्या ताटात आला. मी तो खाल्ला, बाठा पांढरा होईपर्यंत चोखून खाल्ला. त्याच्याकडे बघितलं नाही.

ही गोष्ट मी मध्ये अकरा वर्षं अगदी विसरून गेले होते. राग धरायचा तर काही गोष्टी विसराव्याच लागतात.

रागाचं कारण असं. मी लग्न केलं नाही, अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवायची, तिथेच खोली घेऊन राहायची. आई पावसला दादा-वहिनीकडे. शेवटची सहा वर्षं ती अंथरुणावर होती. ऑगस्टातल्या एका सकाळी शाळेत दादाचा फोन आला, "आई गेली." मी म्हटलं, मी निघतेच, मी येईपर्यंत थांब. तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'वर विसंबून मी निघाले. चिपळूणला गाडी बदलली, पावसात तीन ठिकाणी रस्ता तुंबलेला, आणि मी खिडकीशी बसून एकच विचार करत होते की आईच्या कपाळाला हात लावायचा आणि मूठभर माती द्यायची. आमच्यात पेटी खड्ड्यात उतरवली की घरचा प्रत्येकजण मूठभर माती टाकतो. बाकी काही करायचं उरलेलं नसतं, तेवढंच असतं. मी घरी पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. ओट्याखाली पंचवीस-तीस चपलांच्या जोड्या होत्या आणि सगळ्या चपला लाल चिखलाने भरलेल्या. कोणी काही सांगायच्या आधी मला त्या चपलांनी सांगितलं. दफन चारला उरकलं होतं.

मी ओट्यावर चढले नाही. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "या घरचं पाणी मी पुन्हा पिणार नाही." दादा दारात उभा होता. मी आल्या पावली परत फिरले.

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. हे वाक्य लिहायला किती सोपं आहे बघा. प्रत्यक्षात न बोलणं हे फार मेहनतीचं काम असतं. त्याच वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी रत्नागिरीत दोन खोल्यांची जागा घेतली आणि आम्ही दोघं एकाच चर्चमध्ये, एकाच छपराखाली दर रविवारी येऊ लागलो. तो पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, मी बायकांच्या बाजूला पाचव्या. कोणत्या दाराने बाहेर पडायचं, नाताळच्या कार्यक्रमात कुठे उभं राहायचं, कोणाच्या लग्नात किती वाजता जेवून निघायचं, हे सगळं मला आधीपासून ठरवावं लागे. शाळेचं वेळापत्रक करताना मी एवढा विचार केला नव्हता. आणि रात्रंदिवस मनातल्या मनात तो खटला. दादाच्या बाजूने मीच बोलायची आणि माझ्या बाजूनेही मीच. खड्ड्यात पाणी भरत होतं म्हणून त्याने घाई केली असेल. शेजाऱ्यांनी भरीला घातलं असेल. वहिनीने सांगितलं असेल. एकेक कारण मी त्याच्या तोंडी घालायची आणि खोडून टाकायची. निकाल रोज माझ्या बाजूने लागायचा आणि दुसऱ्या दिवशी खटला पुन्हा उभा.

यात एक अडचण होती ती प्रार्थनेची. प्रभूने शिकवलेली जी प्रार्थना आम्ही दर उपासनेत म्हणतो, तिच्यात एक ओळ अशी आहे की स्वतःसाठी माफी मागतानाच आपण दुसऱ्याला माफ केल्याचं देवाला सांगावं लागतं. ती ओळ आली की मी गप्प बसायची. खोटं बोलायचं तर निदान देवाशी नको, एवढी मी प्रामाणिक होते. सगळ्यांच्या आवाजात एक आवाज कमी झाला तर कोणाला कळतंय, अशी माझी समजूत. दुसरी अडचण प्रभुभोजनाची. मनात वैर धरून भाकर-द्राक्षारस घेऊ नये, हे मला लहानपणापासून पढवलेलं. मग मी युक्ती काढली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि नाताळ-ईस्टरला, म्हणजे प्रभुभोजनाच्या दिवशी, मुलांचा वर्ग मी घेते म्हणून सांगितलं. बाकी शिक्षक खूष झाले, कारण त्यांना प्रभुभोजन चुकवावं लागेना. अकरा वर्षं मी बाजूच्या खोलीत पोरांकडून चित्रं रंगवून घेतली. वार्षिक सभेत माझ्या निःस्वार्थ सेवेबद्दल माझा शाल देऊन सत्कारसुद्धा झाला. ती शाल अजून कपाटात आहे. अंगावर घ्यायची हिंमत मला झाली नाही.

सात वर्षांपूर्वी नगरकडून एक तरुण पाळकसाहेब आमच्याकडे बदलून आले. माणूस उत्साही. आल्या आल्या उपासकाळाची यादी त्यांनी स्वतः टाईप केली आणि चर्चच्या फळ्यावर लावली. रविवारी मी चष्मा लावून वाचायला गेले. ईस्टरच्या एक आठवडा आधी येणारा झावळ्यांचा रविवार, त्याच्या आधीचा शुक्रवार, संध्याकाळी सहा. यजमान म्हणून दादाचं नाव आणि त्याला जोडून माझं. ठिकाण पावस. प्रार्थना चालवणार: कुमारी नलिनीबाई. म्हणजे मी. लग्न न केल्यामुळे आमचं आडनाव एकच राहिलं होतं आणि साहेबांनी आडनाव बघून बहीण-भावाचं घर एकच धरलं होतं.

मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या घरी जायचं हे एक. पण आमच्या घरच्या सभांमध्ये शेवटची प्रार्थना यजमानाने पुढे म्हणायची असते आणि त्याच्या मागून बाकीच्यांनी. लहान पोरं, न वाचता येणारी म्हातारी माणसं, त्यांच्यासाठी पडलेली रीत आहे ती. मागून म्हणणाऱ्याला एखादी ओळ गाळता येते. पुढे म्हणणारीला नाही येत.

मी तशीच पाळकसाहेबांच्या घरी गेले. ते अंगणात मोटारसायकल पुसत होते. मी चूक दाखवली. "अहो ताई, मला वाटलं एकच घर असंल," ते म्हणाले, आणि खरोखरच ओशाळले. "करून टाकतो की दुरुस्त. त्यात काय. फक्त एक आहे बघा, दादा सकाळीच विचारत होते."

"काय विचारत होता?"

"येईल का ती, म्हणाले. मला काही कळलं नाही. म्हटलं, येतील की, का नाही येणार."

मी अंगणात उभी. त्याने यादी वाचली होती आणि बदलून घेतली नव्हती. आता मी बदलून घेतली असती तर नाकारणारी मी ठरले असते. अकरा वर्षं मी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं, तिथे मला जाऊन उभं राहायची मुळीच तयारी नव्हती. "राहू दे," मी म्हटलं, "छापलंय तर छापलंय." मोठ्या मनाने गेले, प्रभूने अंतःकरण पालटलं, असं सांगायला मलाही आवडलं असतं. मी हट्टाने गेले. देवाला बहुधा हट्टही चालतो.

मधले पाच आठवडे मला धड झोप नाही. त्या दिवसांतला वासच मला आठवतो. सगळं गाव आंब्यांनी भरलेलं. बाजारात पेट्या ठोकल्याचे आवाज, रस्त्यात पेंढा सांडलेला, बँकेतल्या माणसाच्या हातालासुद्धा आंब्याचा वास. मी पावसची एस.टी. पकडायला गेले आणि दोनदा स्टँडवरूनच परत आले. एकदा भाट्याच्या पुलापर्यंत गेले आणि पुढच्या थांब्यावर उतरून, समुद्र बघायला आल्यासारखं करून, दुसऱ्या गाडीने घरी. वय वर्षं साठ, आणि ही माझी तऱ्हा.

त्या शुक्रवारी मात्र गेले. सभा सहाला होती, पण यजमान म्हटल्यावर सहाला कशी जाणार. चारलाच पोचले. ओट्याखाली चपला मी कडेला काढल्या, कारण त्या जागेवर मला अजून लाल चिखल दिसत होता. प्रत्यक्षात ओटा कोरडा ठाक होता आणि वहिनीने सतरंज्या आणून ठेवल्या होत्या. ती आतून आली, मला बघितलं आणि पदराला हात पुसत एवढंच म्हणाली, "हे मागे आहेत. आढीपाशी."

मागच्या पडवीत दादा जमिनीवर पाय पसरून बसला होता. त्याचे केस पार पिकले होते. चर्चमध्ये मी दर रविवारी त्याची पाठ बघत होते, पण पाठीवरून माणूस किती म्हातारा झाला ते कळत नाही. त्याने वर बघितलं, परत खाली बघितलं. "हात धुऊन ये गो," म्हणाला. "डागी तेवढे बाजूला काढ. माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाय."

मी हात धुऊन बसले. पेंढा बाजूला करायचा, आंबा उचलायचा, देठाशी अंगठा लावून बघायचा, पिकलेला टोपलीत, डागी वेगळा, कच्चा परत पेंढ्यात. हाताला सगळं आठवत होतं. आम्ही अर्धी आढी अशीच उलटली. मग मला राहवेना.

"का थांबला नाहीस?"

तो हातातला आंबा फिरवत राहिला. "पाऊस होता," म्हणाला. "खड्ड्यात पाणी भरत होतं. बादल्यांनी उपसत होते." हे कारण मी त्याच्या वतीने शंभरदा मांडलं होतं. मग त्याने आंबा खाली ठेवला.

"नाय. ते खोटं आहे. थांबता आलं असतं. मंडळी थांबू म्हणत होती. मीच नको म्हटलं."

"का?"

"तुझा राग होता मला. सहा वर्षं आईचं सगळं आम्ही दोघांनी केलं. तू सुट्टीत यायचीस, दोन दिवस. ती तेवढ्यापुरती उठून बसायची, हसायची. तू गेलीस की पुन्हा आमच्यावर चिडचिड. मनात आलं, हिच्यासाठी कशाला थांबायचं. एवढंच. दुसरं काय नाय." पेंढा सारखा करत म्हणाला, "तू दारात आलीस तेव्हाच कळलं, चुकलं ते. पण तू पाणी पिणार नाय म्हणालीस, आणि मग माझंपण डोकं फिरलं. चुकलं गो नले माझं."

माझ्या खटल्यात हे कारण कधी आलंच नव्हतं. मी त्याला दुष्ट ठरवून बघितलं होतं, भित्रा ठरवून बघितलं होतं, बायकोच्या ताब्यातला ठरवून बघितलं होतं. एक दमलेला माणूस, बहिणीवर रुसलेला, एवढं साधं काही मला सुचलं नव्हतं. आणि ते सगळं खरं होतं, मी दोन दिवसांची पाहुणी होते हेसुद्धा. पण म्हणून त्याची चूक लहान होत नव्हती. आईच्या कपाळाला लावायचा माझा हात राहिला तो राहिलाच. मला तेव्हा, पेंढ्यात हात घालून बसल्या बसल्या, एक गोष्ट स्पष्ट कळली. अकरा वर्षं मी त्याच्याकडून पटेल असं कारण मागत होते. तसं कारण त्याने दिलं असतं तर मला त्याला माफ करायची गरजच पडली नसती, गैरसमज मिटला म्हणून दोघं मोकळी झालो असतो. जे कारणाने मिटत नाही, त्याच्यासाठीच तर ती ओळ आहे.

हे मला कळलं, आणि तरी मी दुसरंच विचारलं. "आईने शेवटी माझं नाव घेतलं होतं का?"

"नाय," तो म्हणाला. त्याने खोटं सांगितलं असतं तर मी लगेच विश्वास ठेवला असता. "शेवटी ती कोणालाच ओळखत नव्हती. आदल्या संध्याकाळी मात्र विचारलं, ईस्टर झाला का म्हणून. ऑगस्ट महिना. म्हटलं, झाला, आई. तर म्हणाली, मग आंबा काप. आता आंबा कुठून आणणार? हिने डब्यातलं आंब्याचं वाळवलेलं साठ काढलं, बोटाएवढा तुकडा पाण्यात मऊ केला आणि तिच्या जिभेवर ठेवला. बराच वेळ चघळत होती. मग झोपली, ती झोपलीच."

मी रडले. तिच्या मरणावर मी पहिल्यांदा रडले ते त्या पडवीत. इतकी वर्षं मी फक्त चिडले होते. आईच्या तोंडात शेवटी आंब्याची चव होती, ही गोष्ट अकरा वर्षं दादापाशी पडून होती. ती माझीही होती. मी मागायला गेलेच नव्हते. राग मला जपतोय, असं मला वाटायचं, आणि त्या रागाने माझ्याच आईचं मरण माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

वहिनी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "घे," म्हणाली, "उन्हातून आलीस." मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. आमच्या विहिरीचं पाणी जांभ्या दगडातलं, त्याला एक किंचित लोखंडी चव आहे. ती चव मी विसरले होते.

सहाला मंडळी आली. वीस घरांची माणसं त्या दिवशी झाडून हजर, एरवी अर्धीसुद्धा येत नाहीत. गीतं झाली, वाचन झालं. मग मी शेवटची प्रार्थना पुढे म्हणू लागले आणि सगळे मागून. बाहेर अजून उजेड होता, कलमांवर कावळे ओरडत होते. ती ओळ जवळ येत चालली. एक क्षण वाटलं, ठसका लागल्याचं निमित्त करावं. मग मी ती म्हटली. सगळी म्हटली, शिकवताना म्हणतात तशी सुटी सुटी करून. आणि माझ्या मागून कोणीच म्हणेना. मी डोळे उघडले. सगळ्यांचे डोळे उघडे होते, नि सगळे माझ्याकडे बघत होते.

त्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षं माझ्या बाकावरच्या बायकांना तो एक आवाज कमी झालेला ऐकू येत होता आणि कोणी कधी मला तसं जाणवू दिलं नव्हतं. मी ज्याला माझं गुपित समजत होते ते सगळ्या मंडळीने सांभाळलं होतं. मग कोपऱ्यातून दादाने ती ओळ म्हटली, घोगऱ्या आवाजात, एकट्याने. आणि त्याच्या मागून बाकीच्यांनी. पुढची प्रार्थना कशी पार पडली मला आठवत नाही. चहा मात्र चांगला झाला होता, असं सगळे म्हणाले.

पुढे एकदा मी चर्चच्या पाच पंचांपैकी एकांना गाठून विचारलं, "यादी लावायच्या आधी तुम्हाला दाखवतात ना? चूक दिसली नाही?" ते म्हणाले, "दिसली की. पाचही जणांना दिसली." आणि छत्री उघडून चालू लागले. ऊन-पाऊस काही नव्हतं.

त्या ईस्टरला मी मुलांच्या वर्गाला गेले नाही. प्रभुभोजन घेतलं. गुडघे टेकल्यावर दुखले, कारण सवय गेली होती. तिथून तिघं पावसला गेलो आणि दादाने आईच्या सुरीने हंगामातला पहिला आंबा कापला. बाहेरून काय रंग, काय वास, आणि आत बाठ्याला धरून पांढरा, आंबट साका. हापूसचं हेच असतं, वरून कधी कळत नाही. चाळीस दिवसांचा उपास आणि वर अकरा वर्षं, आणि आंबा असला निघावा. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून जे हसायला लागलो ते थांबेना. दादाने पांढरा भाग सुरीने काढून टाकला आणि उरलेल्याच्या फोडी केल्या. पहिली फोड माझ्याकडे सरकवली. मी ती त्याच्या ताटात ठेवली. त्याला कारण समजलं की नाही, कोण जाणे. त्याने ओठाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि खाल्ली.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. ऑगस्टात पावसाची झड लागली की मला अजून त्या चपला दिसतात आणि तो जुना खटला पुन्हा उभा राहतो. पहिल्या वर्षी मी घाबरले, म्हटलं माझी क्षमा खोटीच होती की काय. आता घाबरत नाही. आढी एकदा लावली म्हणून कोणी निर्धास्त बसत नाही, दर दोन दिवसांनी उलटून डागी काढावा लागतो. मीही काढते. खटला उभा राहिला की दादाला फोन करते आणि काहीतरी फालतू विचारते. विहिरीला पाणी किती चढलंय वगैरे. तो सांगतो. तेवढ्याने भागतं. रविवारी मी ती ओळ म्हणते तेव्हा काही वेळा ती पूर्ण खरी असते आणि काही वेळा निम्मी. पण गाळत नाही. माझ्या छातीवर अकरा वर्षं कोणी बसलं होतं ते उठून गेलं आहे, आणि त्या मोकळ्या जागेचं मला अजूनही नवल वाटतं.

तर परवाची यादी. नगरचे पाळकसाहेब गेल्या वर्षी बदलून गेले. त्यांनी केलेली चूक त्यांच्या प्रत्येक यादीत तशीच राहिली होती, आमची दोघांची नावं एका घरात. नवे साहेब टापटिपीचे. त्यांनी सगळ्यांचे पत्ते तपासून यादी अगदी बिनचूक केली आहे. दादाचं घर पावसला, पंधरा मार्चला. माझं घर रत्नागिरीत, एकोणीसला.

मी बाहेरची बादली आत आणून ठेवली, हात धुतले आणि त्यांना फोन लावला. "साहेब, यादीत चूक झालीय," मी म्हटलं. "भावाचं आणि माझं घर तुम्ही वेगळं लिहिलंत."

"पण ताई, पत्ते वेगळे आहेत ना?" त्यांनी मला पत्ते वाचून दाखवले. दोन्ही बरोबर होते.

"पत्ते असू देत," मी म्हटलं. "घर एकच आहे. पावसचं लिहा. प्रार्थना मी चालवीन."